ऑफ-रोड गाडीची तयारी: आधी बूट, मग टायर, मग शॉकअप, इंजिन सगळ्यात शेवटी

हिरोची एक्सपल्स ही ऑफ-रोड बाइक घरी आली त्या महिन्यात मी पहिला खर्च केला तो सायलेन्सरवर. आवाज भरदार झाला, गाडी दोन-अडीच किलोनं हलकी झाली. आणि वेल्ह्याच्या बाजूला एका दगडी चढावर, जिथे खालच्या आरपीएमला हळूहळू रेटून न्यायचं होतं, तिथे गाडी तीनदा बंद पडली. सोबत वयानं मोठा, बरीच वर्षं माती तुडवलेला एक दादा होता. त्यानं मला फूटरेस्टवर उभं केलं, हँडलचे चार बोल्ट ढिले करून हँडल पुढे फिरवलं, दोन्ही लिव्हर खाली वळवले, दोन्ही टायरांतली हवा कमी केली आणि म्हणाला, "आता जा." त्याच चढावर गाडी एका दमात वर गेली. त्या दुरुस्तीला एक रुपयाही लागला नव्हता.

ज्यानं नुकतीच अशी गाडी घेतली आहे आणि दुकानातली यादी बघून गोंधळला आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. पैसा कुठल्या क्रमानं घालायचा, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. क्रम चुकला की चांगली वस्तूही वाया जाते.

उदाहरण म्हणून माझीच गाडी, हिरो एक्सपल्स २०० ४व्ही, घेतो. १९९.६ सीसी, साधारण १९ पीएस ताकद, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचं चाक, पुढचा सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती जाऊ शकतं ते) १९० मिमी, मागचा १७० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी. हिमालयन, केएलएक्स किंवा दुसरी कुठली गाडी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

पायरी १: पाना हातात घेण्याआधी वही घ्या

एक साधी वही गाडीच्या नावानं ठेवा. गाडी मूळ स्थितीत असतानाच हे लिहून काढा: हँडलचा कोन (क्लॅम्पजवळ मार्करनं खूण करून फोटो), मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवली आहे ते) कितव्या खाचेवर आहे, चेनचा ढिलेपणा, टायरची हवा, दोन्ही स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्रांचे) दात. कुठला बोल्ट किती टॉर्कला (जोरानं) आवळायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ती पानं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर त्याच वाटेवर एक फेरी. टायर, हँडल आणि शॉकअप एकाच रविवारी बदललं तर गाडी सुधारली ती कशामुळे आणि बिघडली ती कशामुळे, हे कधीच कळत नाही. काढलेले मूळ भाग खोक्यात भरून, खोक्यावर नाव लिहून ठेवा. गाडी विकताना, विम्याच्या दाव्यात किंवा आरटीओत ते लागतात.

पायरी २: कागद आणि कायदा

लागणारे कागद: आरसी, चालू विमा, पीयूसी, लायसन्स आणि बसवलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूचं बिल. आरसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये असू द्या, पण डोंगरात नेटवर्क जातं. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत एक झेरॉक्सही ठेवा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हँडल फिरवणं, लिव्हर वळवणं, हँडगार्ड किंवा स्किड प्लेट (इंजिनखालचं कवच) लावणं ही एक गोष्ट. इंजिनाची क्षमता, चेसिस, सायलेन्सर बदलणं ही वेगळी. दुसऱ्या प्रकारातलं काहीही करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. कळवलं नाही आणि अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो.

म्हणूनच ज्यांना लांब सस्पेन्शन हवंच आहे त्यांना मी सांगतो: सुटे भाग जोडत बसण्यापेक्षा कंपनीनंच तसं बनवलेलं मॉडेल बघा. एक्सपल्समध्ये २०२३ मध्ये 'प्रो' आली. तिला पुढे २५० मिमी आणि मागे २२० मिमी ट्रॅव्हल आहे आणि पुढचा-मागचा दोन्ही सस्पेन्शन ॲडजस्ट होतात. कागदोपत्री ती तशीच नोंदलेली असते, प्रश्नच उरत नाही. मात्र तिच्या सीटची उंची ८९१ मिमी आहे. साडेपाच फुटांच्या माणसाचा तिच्यावरून एकच पाय, तोही चवड्यावर, टेकतो. शोरूममध्ये सपाट फरशीवर बसून ठरवू नका. बाहेर उतारावर, उलट्या बाजूला पाय टेकायची वेळ आली तर काय होईल ते करून बघा.

पायरी ३: पहिला खर्च स्वतःच्या अंगावर

बूट, गुडघ्याचे गार्ड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, छाती-पाठीचं कवच. याच क्रमानं. मातीत वेग कमी असतो म्हणून लागत नाही, असं अनेकांना वाटतं. खरं म्हणजे ऑफ-रोडची नेहमीची दुखापत कमी वेगातच होते: गाडी बाजूला कलते, आपण पाय टेकवतो आणि १६० किलो वजन घोट्यावर येतं. ट्रेकिंगचे बूट तिथे काहीही वाचवत नाहीत. मोटोक्रॉसचे बूट महाग आणि पहिले पंधरा दिवस लाकडासारखे कडक असतात. घरात घालून फिरा, जिने चढा-उतरा, मग गाडीवर बसा.

बुटांचा मुद्दा गाडीच्या सेटिंगमध्ये घेण्याला आणखी एक कारण आहे. जाड तळव्याच्या बुटानं गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल दोन्ही वेगळ्या उंचीवर लागतात. पुढची पायरी बूट घालूनच करायची आहे, म्हणून ते आधी हवेत.

पायरी ४: गाडी उभ्यानं चालवायची आहे, तशी ती बसवा

हा सगळा भाग फुकट आहे आणि याच भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

गाडी मधल्या स्टँडवर किंवा भक्कम ठोकळ्यावर सरळ उभी करा, मित्राला मागून धरायला सांगा. बूट घालून फूटरेस्टवर उभे राहा, गुडघे थोडे वाकवा, कोपरं बाहेर काढा, नजर समोर. आता हात सहज खाली सोडा. ते हँडलवर पडतात का? कमरेतून वाकावं लागत असेल तर हँडल मागे किंवा खाली आहे. क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून हँडल पुढे फिरवा. बाजूनं पाहिलं तर हँडलचा वर उठणारा भाग पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) रेषेत, फार तर किंचित पुढे असावा. मागे ओढलेलं हँडल बसून चालवायला आरामाचं वाटतं. उभं राहिलं की ते गुडघ्याला लागतं आणि वळणात गाडी विचित्र वागते.

एवढ्यानं भागलं नाही तरच रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, घ्या. उंच माणसाला ते लागतातच. पण रायझर लावल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा, इंजिन चालू ठेवून. एखाद्या बाजूला आरपीएम आपोआप वाढले तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आहे. क्लचची वायर आणि ब्रेकचा होजही तसाच तपासा. हा सापळा जिवावर बेतू शकतो: अरुंद वळणावर हँडल पूर्ण वळलेलं असताना गाडी स्वतःहून पुढे झेपावते.

मग लिव्हर. उभं राहून बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा यायला हवी, मनगट वर मोडता कामा नये. शोरूममधून येणारी गाडी बसून चालवण्यासाठी बसवलेली असते, त्यामुळे लिव्हर जवळजवळ नेहमीच खाली वळवावे लागतात. दादानं शिकवलेली एक युक्ती: लिव्हरच्या क्लॅम्पखाली हँडलवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा आणि क्लॅम्प इतकाच आवळा, की हातानं जोर लावला तर फिरावा. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो.

गिअर लिव्हर बुटाचं टोक खाली सहज शिरेल इतका वर घ्या. ब्रेक पेडल उभ्यानं पाय दाबताना घोटा न वाकवता लागलं पाहिजे. पेडल बदलल्यावर ब्रेक किंचितही लागून राहत नाही ना आणि मागचा दिवा वेळेवर पेटतो ना, हे बघा. फूटरेस्टवरचं रबर निघत असेल तर काढून टाका. ओल्या बुटाला खालचे लोखंडी दातेच धरतात.

पायरी ५: टायर, हवा आणि ट्यूब

मातीत सगळ्यात मोठा फरक टायर पाडतो, त्यामुळे इथे घाई नको. आधी स्वतःला विचारा: मी मातीपर्यंत कसा पोचतो? पुण्याहून निघून ऐंशी किलोमीटर डांबर, मग दहा किलोमीटर वाट, आणि परत ऐंशी डांबर, असा दिवस असेल तर पूर्ण नॉबी, म्हणजे गावाकडे ज्याला बटन टायर म्हणतात तो, डांबरावरच संपेल. शिवाय ओल्या घाटात त्याची पकड कमी असते आणि ब्रेकचं अंतर वाढतं. अशांनी अर्धं डांबर, अर्धी माती या जातीचा टायर घ्यावा. गाडी टेम्पोत टाकून नेणारे आणि शेताच्या बांधावरच राहणारे यांनी खुशाल बटन टायर घ्यावेत. एकाच टायरचे पैसे असतील तर मी पुढचा बदलेन: मागचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळतो, पुढचं घसरलं तर मिळत नाही.

जमीनही बघा. बारामती-सोलापूरकडची काळी माती ओली झाली की टायरच्या गाळ्यांत आणि मडगार्डखाली बसून चाकच थांबवते. तिथे बटनांमध्ये जास्त अंतर असलेला टायर आणि चाकापासून उंच असलेलं मडगार्ड हवं. मावळ-मुळशीकडे सुटा दगड आणि मुरूम असतो, तिथे टायरची बाजू जाड हवी. कोकणातला जांभा कोरडा असताना छान धरतो, पण शेवाळलेल्या जांभ्यावर कुठल्याच टायरचा भरवसा धरू नका.

हवेबद्दल. डांबरावर कंपनीनं सांगितलेली हवा. मातीत शिरताना कमी करायची, कारण टायर दगडावर पसरतो आणि धरतो. कवच घालून माझं वजन ऐंशी किलोच्या आसपास भरतं. दगडी वाटेवर मी पुढे १८ आणि मागे २० पीएसआय ठेवतो, चिखलात दोनेक पीएसआय आणखी कमी. तुम्ही २२ पासून सुरुवात करा आणि खाली या. फार खाली गेलात तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमशी चिमटली जाते आणि सापानं डसल्यासारखी दोन शेजारी-शेजारी भोकं पडतात. रिमला पोचाही येतो. १५ च्या खाली जायचं असेल तर रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा तुकडा) बसवल्याशिवाय जाऊ नका, कारण टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो.

टायर सरकतोय हे ओळखायची सोपी खूण: वॉल्व्हवरचा रिमला टेकणारा नट सोडून वर टोपीला नेऊन आवळा. ट्यूब सरकली की वॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. नट रिमला आवळलेला असेल तर काही दिसत नाही, एक दिवस थेट वॉल्व्हच तुटतो.

ट्यूब जाड घ्या. सोबत एकच ट्यूब न्यायची असेल तर २१ इंची न्या. अडचणीत ती १८ इंची चाकातही घडी घालून घरी पोचण्यापुरती चालते. उलट चालत नाही. आणि जंगलात जाण्याआधी एकदा घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं, मागचं चाक काढून ट्यूब बदला. तीन टायर लिव्हर, साबणाचं पाणी, दोन तास. पहिल्यांदा बोटं सोलवटतात, दुसऱ्यांदा अर्ध्या तासात होतं.

तारांच्या चाकाला एक काम कायमचं असतं. नव्या गाडीच्या तारा पहिल्या दोन-तीन खडतर फेऱ्यांनंतर सैल पडतात. पान्यानं प्रत्येक तारेवर हलकं टकटक करा; घट्ट तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. सैल तारा थोड्या-थोड्या आवळा, आणि रिमला आउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) असेल तर जुन्या सायकलवाल्याकडे जा. आउट काढण्यात त्याचा हात मोठ्या शोरूमपेक्षा चांगला असतो, हा माझा अनुभव आहे.

पायरी ६: शॉकअप तुमच्या वजनाला बसवा

सस्पेन्शन म्हटलं की लोक थेट महागडा शॉकअप शोधतात. आधी आहे तोच आपल्या वजनाला बसवा. त्यासाठी मोजायचा असतो सॅग, म्हणजे गाडी वजनानं किती खाली बसते. मेझरिंग टेप आणि दोन मित्र, एवढंच लागतं.

मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, मागच्या फेअरिंगवर चिकटपट्टीची खूण करा. ॲक्सलपासून खुणेपर्यंत तीन मापं घ्यायची.

पहिलं: मागचं चाक हवेत उचलून, शॉकअप पूर्ण ताणलेला असताना.
दुसरं: गाडी जमिनीवर, कुणी बसलेलं नाही.
तिसरं: तुम्ही पूर्ण कवच घालून, पाठीवरच्या बॅगेसह, फूटरेस्टवर उभे. एक मित्र गाडी सरळ धरतो, दुसरा मोजतो. मोजण्याआधी दोन-तीनदा गाडी दाबून सोडा.

पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासकट सॅग मिळतो. मातीसाठी तो एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश असावा. १७० मिमीच्या शॉकअपला म्हणजे ५० ते ५७ मिमी. पहिल्यातून दुसरं वजा केलं की नुसत्या गाडीचा सॅग.

माझ्या गाडीची मापं आली ६१०, ५९४ आणि ५४८. म्हणजे नुसत्या गाडीचा सॅग १६ मिमी, माझ्यासकट ६२. गाडी मागे जास्त बसत होती. पुढचं टोक त्यामुळे वर राहायचं, चढावर पुढचं चाक उचललं जायचं आणि वळणात ते रुंद जायचं. मी मात्र दोन महिने टायरला दोष देत होतो. प्रीलोड तीन खाचा वाढवला. मापं झाली ६१०, ६०० आणि ५५४. माझ्यासकट ५६ मिमी, बरोबर.

आता खरा उपयोग नुसत्या गाडीच्या सॅगचा. स्वारासकटचा आकडा बरोबर येऊनही नुसत्या गाडीचा सॅग जवळजवळ शून्यावर गेला, तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे. प्रीलोड कितीही चढवला तरी ती मऊच राहणार, कडक स्प्रिंग घ्यावी लागेल. उलट नुसती गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. माझा १० मिमी आला, म्हणजे एकट्यासाठी ठीक, सामान बांधलं तर स्प्रिंग कमी पडणार. नवीन स्प्रिंग घ्यायची की नाही, हे असं टेपनं ठरवा. दुकानदाराला ते विचारू नका.

पुढच्या फोर्कला साध्या ४व्ही मध्ये बाहेरून ॲडजस्टमेंट नाही. तिथे दोन गोष्टी करता येतात: फोर्क ऑइल बदलणं आणि स्प्रिंगवर स्पेसर वाढवणं. ऑइल थोडं घट्ट घेतलं की फोर्क सावकाश उसळतो, पातळी थोडी वाढवली की शेवटच्या टप्प्यात कडक होतो आणि खड्ड्यात आदळत नाही. दोन्ही एकदम करू नका. दोन्ही नळ्यांत पातळी मिलिमीटरपर्यंत सारखी हवी. हे काम ज्याच्याकडे पातळी मोजायचं साधन आहे अशाच मेकॅनिककडे करा. मला एका गॅरेजमध्ये अंदाजानं ऑइल ओतून मिळालं होतं. दोन्ही बाजूंत बराच फरक निघाला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. समोर उभं राहून मोजायला लावा, त्यात संकोच नको.

बाहेरचा लांब शॉकअप बसवलाच, तर साइड स्टँड तोकडं पडतं हे लक्षात ठेवा. गाडी फार कलून उभी राहते आणि मऊ मातीत आडवी होते. चेनचा ढिलेपणाही पुन्हा लावावा लागतो, ते पुढे सांगतो.

याच वेळी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, तपासा. पुढचं चाक हवेत असताना फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खट् वाजलं तर सैल आहे. हँडल हळूहळू फिरवताना मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगला खाच पडली आहे, बदला.

पायरी ७: पडणार आहात हे धरून चाला

धातूचा कणा असलेले हँडगार्ड घ्या. नुसते प्लास्टिकचे वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. इंजिनखालची प्लेट कंपनीची असेल तर तिचे बोल्ट आणि ती इंजिनाच्या बाजूंपर्यंत किती वर येते ते बघा. दगडी भागात जाणाऱ्यांनी रुंद प्लेट लावावी. आरसे ट्रेलवर शिरताना काढून बॅगेत, डांबरावर येताच परत.

रस्त्यावरच्या गाडीला लावतात तसा रुंद, वाकवलेल्या पाइपचा लेगगार्ड मातीत लावू नका. गाडी पडताना पाय त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये अडकतो. दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या लावून ट्रेलवर जाणंही तसंच: पाय टेकवताना पिंडरी पेटीखाली येते. सामान मऊ पिशवीत, सीटवर आडवं, घट्ट.

पायरी ८: चेन आणि स्प्रॉकेट

गाडीला खालच्या वेगात दम हवा असेल तर सायलेन्सरच्या आधी इथे बघा. ४व्ही ला पुढे १३ आणि मागे ४० दात आहेत. पुढचं १२ चं केलं की गिअरिंग सुमारे आठ टक्क्यांनी खाली येतं. मागे तीन दात वाढवले, म्हणजे ४३ केलं, तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. पुढचं स्वस्त आणि बदलायला सोपं, पण लहान चक्रावर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. पहिल्या प्रयोगाला पुढचं, आवडलं तर पुढच्या चेन-सेटला मागचं, असं मी केलं. बदल्यात महामार्गावर इंजिन जास्त फिरतं, तेवढं मान्य असेल तरच करा.

चेनच्या ढिलेपणात सगळ्यात महागडी चूक होते. शॉकअप दाबला जातो तशी चेन ताणली जाते, आणि मागचा ॲक्सल, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत आले की ती सगळ्यात घट्ट असते. साइड स्टँडवर गाडी उभी करून चेन 'छान घट्ट' केली, तर खड्ड्यात ती गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. दोन मित्रांना सीटवर बसवून, पट्ट्यानं शॉकअप दाबून, त्या एका रेषेच्या स्थितीत चेन थोडी तरी हलते आहे याची खात्री करा. मग गाडी मोकळी करून जो ढिलेपणा दिसतो तो वहीत लिहा. तुमच्या गाडीचं माप ते.

पायरी ९: धूळ आणि पाणी

एअर फिल्टर उघडायला शिका. फोमचा असेल तर केरोसिनमध्ये धुऊन, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिळायचा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, वेळेवर बदलायचा. उन्हाळ्यात पाच-सहा गाड्या एकामागे एक धुळीत गेल्या तर शेवटच्या गाडीचा फिल्टर एका दिवसात भरतो.

ओढा ओलांडण्याआधी चालत जाऊन खोली बघा, आणि हवा आत घेणारं तोंड तुमच्या गाडीत किती उंचीवर आहे ते आधीच माहीत असू द्या. गाडी पाण्यात आडवी झाली तर पहिलं काम किल बटण. बाहेर काढल्यावर स्टार्टर दाबायचा मोह आवरा. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी फिल्टर काढून हवेच्या खोक्यातलं पाणी सांडा, स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडू द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरू करू नका, ऑइल बदला.

पायरी १०: आता इंजिन

इथवर आलात तर बहुतेकांची ताकदीबद्दलची तक्रार संपलेली असते. तरी सांगतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नुसता मोकळा सायलेन्सर लावला की हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलतं, आणि ते ठरवणारा ईसीयूमधला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) नकाशा जुनाच राहतो. वरच्या आरपीएमला थोडं मिळतं, खालचा दम जातो. ट्रेलवर नेमका खालचाच दम लागतो. शर्यतीत उतरणारे ईसीयूसकट पूर्ण सेट बदलतात आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणत नाहीत. बाकीच्यांनी व्हॉल्व्हचं अंतर, प्लग, क्लचचा फ्री प्ले (लिव्हरचा मोकळा खेळ) आणि वेळेवर ऑइल एवढं सांभाळावं. शिवाय ज्या वाड्या-वस्त्यांतून आपण जातो तिथे म्हशी, लहान मुलं आणि दुपारी झोपलेली माणसं असतात. आवाज कमी ठेवला की पुढच्या वेळी पाणी विचारलं जातं.

पायरी ११: सोबतची थैली

८, १०, १२, १४ चे पाने आणि दोन्ही ॲक्सलचे पाने; एलन की; स्पोकचा पाना; टायर लिव्हर तीन; २१ इंची ट्यूब, पॅच, पंप, हवेचा गेज; क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर; चेनची जोडकडी; केबल टाय; प्लग आणि त्याचा पाना; एम-सील. इंजिनाच्या आवरणाला दगड लागून बारीक तडा गेला तर जागा पेट्रोलनं पुसून, वाळवून एम-सील लावल्यावर घरापर्यंत येता येतं. क्लचची दुसरी वायर थैलीत न ठेवता चालू वायरीच्या शेजारीच टाय मारून ओढून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. प्रथमोपचाराची पेटी थैलीत सगळ्यात वर.

पायरी १२: पहिली फेरी कुठे

शेतकऱ्याची परवानगी घेतलेलं पडीक शेत, जुनी बैलगाडीवाट, खाणीचा बंद रस्ता. एकटे जाऊ नका.

दोन ठिकाणी गाडी नेऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. एक, साताऱ्याकडचे आणि कोकणातले सडे, म्हणजे खडकाळ पठारं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण तशीच फुलं, तेच पातळ मातीचे थर नाव नसलेल्या कितीतरी सड्यांवर आहेत. पावसाळ्यात एका चाकोरीनं तिथला थर निघून जातो आणि वर्षानुवर्षं भरून येत नाही. दोन, इंदापूर-बारामतीकडची गवताळ माळरानं. ती ओसाड दिसतात, पण तिथे लांडगा, खोकड आणि चिंकारा राहतात, आणि कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहेच. किल्ल्यांच्या पायऱ्यांवर आणि तटाखालच्या वाटांवरही चाक नको.

परत आल्यावर गाडी धुवा, पण प्रेशरचं पाणी कोनसेट, चाकाची बेअरिंगं आणि चेनच्या सीलवर थेट मारू नका. मग हे: तारा टकटक करून तपासणं, ॲक्सलचे नट, हँडलचे बोल्ट, स्प्रॉकेटचे नट, चेनला तेल. फोर्कमधून ऑइल गळताना दिसलं तर लगेच सील बदलायला धावू नका. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो. वरचं धुळीचं रबर वर सरकवा, घरातल्या जुन्या फोटोंची एखादी निगेटिव्ह घ्या, तिचं टोक आकड्यासारखं कापा, सील आणि नळीच्या मध्ये सरकवून गोल फिरवा. कण निघाला तर गळणं तिथेच थांबतं. तारीख आणि बाजू वहीत लिहा; त्याच बाजूनं महिन्याभरात पुन्हा गळलं तर मात्र सील बदला, आणि दोन्ही बाजूंचं एकदमच बदला.